शेजारणीची वाटी

शाळेच्या पायऱ्या चढल्या की डाव्या हाताला, व्हरांड्यातच, ते पाणी शुद्ध करायचं यंत्र होतं. स्टीलची टाकी, तीन तोट्या आणि वर निळ्या अक्षरांत आमच्या कंपनीचं नाव. दोन वर्षांपूर्वी त्याच्या उद्‌घाटनाला मी हजर होते. मुलींनी स्वागतगीत म्हटलं होतं, सरपंचांनी नारळ वाढवला होता, आमच्या संचालकांनी पहिला पेला एका चौथीतल्या मुलीच्या हातात दिला होता. त्या पेल्याचा फोटो पुढे आमच्या वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर आला.

आता तिन्ही तोट्यांना सुतळी गुंडाळलेली होती. टाकीवर धुतलेलं गोणपाट पसरून त्यावर खिचडीची पातेली पालथी घातली होती. मुख्याध्यापिका बाई मला पाहून ओशाळल्या. जणू चूक त्यांचीच होती. म्हणाल्या, "मॅडम, फिल्टर बदलायला माणूस येईल म्हणाले होते. सहा महिने वाट पाहिली. मग आतलं पाणीच यायचं बंद झालं. आणि ते चालू असलं की लाइट बिल इतकं यायचं, शाळेच्या खात्यात तेवढे पैसे नसतात हो."

मी वहीत लिहून घेतलं. देखभालीचा करार संपला, मेम्ब्रेन बदलायला हवं, बिलाची तरतूद नाही. नोकरीची सवय. बाई थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग शाळेच्या मागच्या अंगाला घेऊन गेल्या. तिथे दगडी बांधणीची एक जुनी विहीर आहे. कठड्यावर दोर घासून घासून खाचा पडल्यात. त्या खाचेत बोट ठेवून त्या म्हणाल्या, "यंत्र चांगलंच होतं. पण मॅडम, आमची विहीरच आधी चांगली होती."

त्या एका वाक्याला माझ्या वहीत रकाना नव्हता.

मी एका कंपनीच्या सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या, विभागात नऊ वर्षं काढली. कंपनीचं नाव लिहिणार नाही. पुण्याच्या आसपासच्या औद्योगिक पट्ट्यात अशा पुष्कळ आहेत आणि मला जे म्हणायचं आहे ते एका कंपनीपुरतं नाही. विहिरीचं पाणी का बदललं, हे त्या दिवशी मला माहीत नव्हतं. वसाहतीतून येणारा ओढा तिथून फार लांब नाही, पण गावात नवी घरं झालीत, शोषखड्डे झालेत, शेतात खतं पडतात. कारण कोणतंही असेल. मी ऑफिसात येऊन म्हटलं, आपण त्या पाण्याची तपासणी करून घेऊ. उत्तर आलं, "तो पर्यावरण विभागाचा विषय आहे. तुम्ही फिल्टरचं बघा." पर्यावरण विभाग म्हणाला, "आमचं काम कुंपणाच्या आतलं. बाहेरचं सीएसआर." मी दोन खोल्यांच्या मधल्या बोळात उभी होते आणि ती विहीर नेमकी त्या बोळात पडली होती.

ज्यांचा या खात्याशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. 2013च्या कंपनी कायद्यात कलम 135 आलं आणि 1 एप्रिल 2014पासून ते लागू झालं. ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता 500 कोटी, किंवा उलाढाल 1000 कोटी, किंवा निव्वळ नफा 5 कोटी रुपये किंवा त्याहून जास्त आहे, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे किमान 2 टक्के समाजोपयोगी कामावर खर्च करायचे. कोणती कामं चालतील त्याची यादी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत आहे: भूक, आरोग्य, शिक्षण, पिण्याचं पाणी, पर्यावरण वगैरे. आधी खर्च झाला नाही तर कारण सांगून सुटता येत असे. 2021पासून ते बंद झालं. चालू प्रकल्पाचे उरलेले पैसे वेगळ्या खात्यात टाकायचे आणि तीन वर्षांत संपवायचे, बाकीचे सरकारी निधीत भरायचे. जिथे कंपनी काम करते त्या परिसराला प्राधान्य द्यावं, हेही कायद्यात लिहिलेलं आहे.

या कायद्याने भलं झालंय. हे मी मनापासून म्हणते, कारण मी ते डोळ्यांनी पाहिलंय. ज्या ग्रामीण रुग्णालयात बाळंतिणीला जमिनीवर गादी घालून निजवत, तिथे खाटा आल्या. पाझर तलावांतला गाळ निघाला. शाळांना स्वच्छतागृहं मिळाली आणि मोठ्या मुलींची गळती थांबली. कायदा नसता तर यातलं निम्मंही झालं नसतं. दानत सगळ्यांकडे असतेच असं नाही आणि गरज असलेल्याने कुणाला दानत सुचेल याची वाट का पाहायची?

पण कायदा मोजू शकतो ते एवढंच: किती, कुठे, कधीपर्यंत. फेब्रुवारी लागला की आमच्या विभागात जी धांदल उडायची ती अजून स्वप्नात येते. 31 मार्चच्या आत पैसे गेले पाहिजेत. संस्थांना फोन करून प्रपोजल मागवायची, युटिलायझेशन सर्टिफिकेटं गोळा करायची, फोटो मागवायचे, फोटोत अक्षांश-रेखांश आलेत का बघायचं. यंत्र विकत घेता येतं, पटकन बसवता येतं, त्याच्यावर नाव घालता येतं. म्हणून यंत्रं जास्त. यंत्राची काळजी घेणाऱ्या माणसाचा पगार देता येत नाही असं नाही, पण तो दरवर्षी द्यावा लागतो, त्याला फीत लावता येत नाही. मार्चअखेरचं वर्ष आणि विहिरीचं वर्ष यांचं कधी जुळलंच नाही.

माझी आई मूळची किर्लोस्करवाडीची. तिचे आजोबा वाडीच्या फौंड्रीत होते, वडीलही पुढे त्याच कारखान्यात. घरात 'वाडी' म्हटलं की दुसरी कुठली वाडी डोळ्यांपुढे येतच नसे. आई सांगायची ते सगळं लहानपणी गोष्टीसारखं ऐकलं. नोकरीत शिरल्यावर ते पुन्हा वेगळं ऐकू यायला लागलं.

वाडी वसवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवलं, बढती डावलली गेली म्हणून नोकरी सोडली आणि बेळगावात सायकलींचं दुकान सांभाळलं. तिथेच पुढे कडबा कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमिनीला विष चढेल अशी शेतकऱ्यांची समजूत, त्यामुळे पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली. बेळगावची जागा नगरपालिकेच्या योजनेसाठी सोडावी लागली, तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ 32 एकर माळ आणि दहा हजार रुपयांचं कर्ज दिलं. साल 1910. निवडुंग आणि सापांचा तो माळ साफ करून आधी माणसांची घरं उभी राहिली आणि त्यांच्याबरोबर कारखाना.

मला यातलं सगळ्यात मोठं वाटतं ते एकच: मालक तिथेच राहत होता. फौंड्रीचा धूर ज्या वाऱ्याने कामगारांच्या दोरीवरच्या कपड्यांवर जायचा, त्याच वाऱ्याने तो मालकाच्या अंगणातही यायचा. पाणी एकच, रस्ता एकच, साथ आली तर ती सगळ्या वाडीची. तिथे 'परिसर' हा शब्द कुणी वापरत नसणार, कारण परिसर म्हणजे घरच.

आणि तिथे लक्ष्मणरावांनी जे केलं त्यातल्या पुष्कळ गोष्टींना पैसा लागलाच नाही. कारखान्यात आणि वसाहतीत अस्पृश्यता पाळायची नाही, असं त्यांनी ठरवलं. त्या काळच्या सातारा-सांगली भागात ही सोपी गोष्ट नव्हती. तुरुंगातून सुटून आलेल्या माणसांना कामावर घेतलं, आणि काम कोणतं, तर रात्रीच्या पहाऱ्याचं. आई ही गोष्ट सांगताना नेहमी थांबायची. "विचार कर," म्हणायची, "ज्याला सगळं जग चोर म्हणतंय, त्याच्या हातात कंदील देऊन सांगायचं, आम्ही झोपतो, तू बघ." आज असं काही केलं तर ते सातव्या अनुसूचीत कुठे बसवायचं याची चर्चा करायला आम्ही तीन बैठका घेतल्या असत्या. ते तर कुठेच बसणार नाही. ते खर्चात धरता येत नाही. तो नेमणुकीचा निर्णय आहे. आणि धंदा चालवणाऱ्याची खरी ताकद नेमणुकीत असते. कुणाला आत घ्यायचं, कुणाला कोणत्या दराने, कुणावर विश्वास टाकायचा, हे त्याच्या हातात रोज असतं. देणगी वर्षातून एकदा.

वाडी म्हणजे रामराज्य होतं, असं मी म्हणत नाही. वाडीतल्या वाडीत खालचा-वरचा भेद असणार, आणि एका कुटुंबाच्या शब्दावर सगळं गाव चालतं तेव्हा त्या शब्दाबाहेर पडणाऱ्याचं काय होतं, हा प्रश्न मला नेहमी पडतो. शिवाय 1948च्या फेब्रुवारीत, गांधीहत्येनंतर पश्चिम महाराष्ट्रात जी जाळपोळ झाली तिची झळ वाडीच्या कारखान्यालाही बसली. आजूबाजूच्या गावांशी अडतीस वर्षांचा शेजार असूनही. कारखाना पुन्हा तिथेच उभा राहिला आणि आजही तिथे पंप तयार होतात. मला वाटतं, त्या राखेतून 'आता दुसरीकडे जाऊ' असं न म्हणण्याला शेजार म्हणतात. आई त्या दिवसांबद्दल कधीच बोलली नाही. आजोबाही नाही. मीही खोदून विचारलं नाही.

शेजारावरून आठवलं. आमच्याकडे एक रीत आहे, तुमच्याकडेही असेल. शेजारणीने वाटीभर साखर किंवा विरजणाला दही दिलं तर वाटी रिकामी परत करायची नाही. काही नसेल तर चार दाणे, एक लिंबू, कढीपत्त्याची डहाळी, काहीतरी घालून द्यायची. पण आजी त्याच्या आधीचं एक सांगायची, ते मला फार उशिरा कळलं. "वाटी आधी घासून घ्यावी. तिच्या वाटीला आपलं तूप चिकटलेलं असतं." म्हणजे आधी तिची वस्तू होती तशी करायची, मग वर काही घालायचं. विहीर बिघडवून यंत्र देणं म्हणजे तुपकट वाटीत पेढा घालून देणं. आजीने ते घरी चालू दिलं नसतं.

वाडीसारखीच एक दुसरी जागा माझ्या मनात नेहमी येते, वर्धा. जमनालाल बजाज तिथे दत्तक आले होते, तिथेच वाढले, तिथेच धंदा केला. 1921 साली त्यांच्या सांगण्यावरून विनोबा वर्ध्याला आले, 1936मध्ये गांधीजी सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला गेले तेही जमनालालजींच्या जमिनीवर. दिलेल्या देणग्यांची यादी लांबलचक आहे. पण मला आठवतं ते 1928चं लक्ष्मीनारायण मंदिर. ते बजाज घराण्याचं स्वतःचं मंदिर. त्याची दारं त्यांनी त्या वर्षी दलितांसाठी उघडली. देशात सार्वजनिक मंदिरप्रवेशाची चळवळ तेव्हा जोरात यायची होती. स्वतःच्या समाजातल्या लोकांचा रोष त्यांनी ओढवून घेतला. ज्यांच्याशी सोयरीक, ज्यांच्याशी व्यवहार, ज्यांच्याबरोबर पंगतीला बसायचं, तीच माणसं.

यात पैसा शून्य गेला. पत मात्र पणाला लागली आणि व्यापाऱ्याकडे पतीहून मोठं भांडवल कोणतं? गांधीजी ज्याला विश्वस्तवृत्ती म्हणत, ती मला पुस्तकातून नीट कळली नव्हती. या मंदिराच्या दारातून थोडी कळली. आपल्याकडे जे आहे ते आपलं नाही, आपल्यापाशी ठेवायला दिलंय, असं ज्याला खरोखर वाटतं तो आधी स्वतःचं दार उघडतो. दुसऱ्याच्या गावात शाळा बांधणं त्यानंतरचं.

आता मला ते सांगायचं आहे जे सांगायला मी हा लेख लिहायला बसले आणि तीन दिवस टाळत होते.

मार्च 2020. टाळेबंदी लागून चारच दिवस झाले होते. 28 मार्चला केंद्र सरकारने परिपत्रक काढलं की पीएम केअर्स निधीला दिलेली रक्कम सीएसआरमध्ये धरली जाईल. आमच्याकडे त्या वर्षाचे पैसे शिल्लक होते. संचालक मंडळाची बैठक व्हिडिओवर झाली. टिपण मी तयार केलं. रक्कम मोठी होती, मंजुरी दहा मिनिटांत मिळाली आणि 31 मार्चच्या आत पैसे गेले. सगळ्यांनी माझं कौतुक केलं. इतकं चोख काम, तेही घरून.

त्याच आठवड्यात कंपनीने ठेकेदारांना कळवलं की एप्रिलपासून कंत्राटी कामगारांचं बिल पाठवू नये. आमच्या प्लांटला कायम कामगार मोजके, बाकी सगळे ठेकेदाराचे. जळगाव, बीड, नांदेडपासून बिहार-ओडिशापर्यंतची पोरं. आठ-आठ जण एका खोलीत राहायची. त्यातला एक बीडचा मुलगा आमच्या विभागाची झाडं लावायची कामं करायला यायचा, म्हणून त्याच्याकडे माझा नंबर होता. 4 एप्रिलला त्याचा फोन आला. "ताई, ठेकेदार फोन उचलत नाही. खोलीवाला भाडं मागतोय. आम्ही चालत निघू का?"

मी त्याला निघू नकोस म्हटलं. माझ्या खात्यातून पाच हजार पाठवले. दुसऱ्या दिवशी एचआरच्या प्रमुखांना फोन केला. त्यांनी शांतपणे समजावलं, ते आपले कर्मचारी नाहीत, ठेकेदाराचे आहेत, आणि कर्मचाऱ्यांवरचा खर्च तर सीएसआरमध्ये बसतच नाही, तुम्हाला नियम माहीत आहेत. नियम मला पाठ होते. केवळ स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या फायद्याचा खर्च सीएसआर धरला जात नाही, हे बरोबरच आहे. नाहीतर कंपन्यांनी पगारच तिथे दाखवले असते.

10 एप्रिलला केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाचं दुसरं परिपत्रक आलं, प्रश्नोत्तरांच्या रूपात. ते मी दहा वेळा वाचलं असेल. त्यात म्हटलं होतं की टाळेबंदीच्या काळात कामगारांना, कंत्राटी कामगारांनासुद्धा, मजुरी देणं ही कंपनीची नैतिक जबाबदारी आहे, ते सीएसआर नाही. मजुरीच्या वर जर रोजंदारीच्या किंवा तात्पुरत्या कामगारांना काही रक्कम दिली, तर तेवढी एकदाच अपवाद म्हणून सीएसआरमध्ये चालेल. कायदा स्वतः सांगत होता, बाबांनो, काही गोष्टी या खात्याच्या आधीच्या आहेत. त्या करायच्याच आहेत. त्या करून मग माझ्याकडे या.

मी ते परिपत्रक वरिष्ठांना पाठवलं. वर एक ओळ लिहिली, 'याचा विचार व्हावा'. एवढंच. मी राजीनामा दिला नाही, आवाज चढवला नाही, संचालकांना थेट लिहिलं नाही. ते लिहिता आलं असतं. त्यांचा नंबर माझ्याकडे होता. उत्तर आलं नाही आणि मी पुन्हा विचारलं नाही. तो मुलगा आणि त्याच्या खोलीतले पाच जण 17 एप्रिलला रात्री चालत निघाले. अहमदनगरच्या अलीकडे एका ट्रकवाल्याने त्यांना घेतलं, ते सुखरूप पोचले. मुलगा अजून कधीतरी मेसेज करतो. मला 'ताई' म्हणतो.

त्या वर्षी आमच्या विभागाला कंपनीचं अंतर्गत पारितोषिक मिळालं.

पुढची तीन वर्षं मी तिथेच होते, पण माझ्या मनातलं काम बदललं होतं. 2 टक्के कुठे गेले याच्यापेक्षा उरलेले 98 कुठून आले, हे मला दिसायला लागलं. कंत्राटी मुलाचा पगार आणि कायम कामगाराचा पगार यांतला फरक नफ्यात बसलेला असतो. सांडपाण्याच्या प्रक्रियेत वाचवलेली वीज नफ्यात बसलेली असते. त्या नफ्याचे 2 टक्के काढून आम्ही विहिरीला यंत्र देतो. 2 टक्के चोख असले तरी 98 मध्ये काय चाललंय हे बघणारं माणूस कुणीतरी हवं आणि ते माणूस सीएसआर विभागात बसून बघू शकत नाही. ते सर्वांत वरच्या खुर्चीतूनच बघावं लागतं.

माझी मामेबहीण डोंबिवलीला राहते, एमआयडीसीच्या निवासी भागात. 26 मे 2016ला तिथल्या एका रासायनिक कारखान्यात स्फोट झाला तेव्हा तिच्या घराच्या काचा फुटल्या. तिने सगळ्या खिडक्यांना नवीन काचा बसवल्या. 23 मे 2024ला पुन्हा स्फोट झाला, दुसऱ्या कारखान्यात. आता ती खिडकीला पडदा कायम ओढून ठेवते. काच फुटली तर आत उडू नये म्हणून. तिच्या सोसायटीजवळच्या बागेत एका कंपनीने सीएसआरमधून बाकं बसवलीत, बाकं चांगली आहेत, संध्याकाळी म्हातारी माणसं बसतात. पण तिला विचारलं तर ती म्हणेल, बाक नको, रात्री झोप द्या.

आणि भोपाळ. 2 आणि 3 डिसेंबर 1984च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथिल आयसोसायनेट सुटलं, तेव्हा ती टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद करून ठेवलेली होती. सुटलेला वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याकडे जाणारा पाइप दुरुस्तीसाठी काढलेला होता. कारखान्याच्या समोरच जयप्रकाश नगरची वस्ती. मूळ कंपनीचं मुख्यालय अमेरिकेत, कनेक्टिकटमधल्या डॅनबरीला. वाडीच्या मालकाच्या अंगणात येणारा धूर आणि डॅनबरीपर्यंत कधीच न पोचणारा वायू, यांच्यातलं अंतर मला फार महत्त्वाचं वाटतं. खर्च कमी करायचा कागद ज्या टेबलावर सही होतो, ते टेबल त्या वस्तीच्या वाऱ्याच्या टप्प्यात असतं, तर ती सही झाली असती का? मला वाटतं, नसती. म्हणून जेव्हा कुणी मला विचारतं की चांगला उद्योगपती कोण, तेव्हा मी आधी विचारते, तो राहतो कुठे? आणि राहत नसेल, तर महिन्यातून किती दिवस तिथे झोपतो?

आजच्या कंपन्यांना वाडीसारखं राहणं शक्य नाही, हे मला कळतं. भागधारक जगभर पसरलेले, प्लांट सहा राज्यांत, मुख्य अधिकारी तीन वर्षांनी बदलतो. तरीही शेजारी होता येतं. मी एक माणूस पाहिलाय, म्हणून म्हणते.

नोकरी सोडल्यावर मी काही छोट्या कंपन्यांना सल्ला द्यायचं काम करते. त्यातल्या एका कंपनीचे प्लांट हेड मराठवाड्यातले, वय पन्नाशीचं. त्यांनी स्वतःहून ठरवलं की कारखान्याच्या ईटीपीतून, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेतून, बाहेर पडणारं पाणी आणि खालच्या अंगाच्या गावातल्या तीन विहिरींचं पाणी, दोन्हीची तपासणी दर तीन महिन्यांनी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून करून घ्यायची आणि अहवाल ग्रामपंचायतीच्या फलकावर लावायचा. मराठीत, मोठ्या अक्षरांत. खर्च किरकोळ. तो सीएसआरमध्ये धरायचा का, असं मी विचारलं तर म्हणाले, "कशाला? हे आमच्या प्लांटच्याच खर्चात. घर झाडायला कुणी देणगी देतं का?"

तिसऱ्या वेळचा अहवाल वाईट आला. एका विहिरीचे आकडे चढले होते. त्यांच्या माणसांनी सुचवलं, यावेळी फलकावर नको, कारण समजल्यावर दोन्ही एकदम लावू. त्यांनी अहवाल स्वतः नेऊन डकवला आणि त्या महिन्याच्या ग्रामसभेला जाऊन उभे राहिले. मी मागे बसले होते. लोक चिडले होते, एक-दोघं बरंच बोलले. मग एका म्हाताऱ्या बाईंनी डोक्यावरचा पदर सारखा करत विचारलं, "सायेब, तुमच्या घरी पिता का ह्ये पानी?"

सभा एकदम शांत झाली. ते म्हणाले, "नाही आजी. अजून नाही."

दोन महिने लागले. कारखान्याच्या पावसाळी नाल्याला एका ठिकाणी धुण्याचं पाणी मिसळत होतं, तो जोड सापडला आणि बंद झाला. पुढच्या अहवालात आकडे थोडे उतरले, त्याच्या पुढच्यात आणखी. त्या आजींना मी नंतर भेटले. त्यांना आकड्यांमधलं कळत नाही, त्यांनी एवढंच सांगितलं की साहेब खोटं बोलला नाही.

ते 'अजून नाही' ऐकल्यावर मला माझी पहिली विहीर स्वस्थ बसू देईना. गेल्या महिन्यात मी एसटीने त्या शाळेत गेले. कुणाच्या वतीने नाही. बाई अजून तिथेच आहेत, निवृत्तीला दीड वर्ष उरलंय. प्रयोगशाळेने दिलेल्या दोन निर्जंतुक बाटल्या आणि थर्माकोलच्या पेटीत बर्फ घेऊन गेले होते. सातवीतल्या दोन मुलींनी पोहरा सोडला, मी बाटली भरली, झाकण लावलं, वर तारीख आणि वेळ लिहिली. एकीने विचारलं, "हे पाणी पुण्याला नेऊन काय करणार?" मी सांगितलं, "त्यात काय काय आहे ते विचारणार." ती म्हणाली, "मग आम्हालापण सांगा."

अहवाल आठ दिवसांनी आला. पाण्यात विरघळलेल्या क्षारांची स्वीकार्य मर्यादा भारतीय मानकात लिटरला 500 मिलिग्रॅम आहे, दुसरं पाणीच नसेल तर 2000पर्यंत चालवून घेतात. विहिरीचा आकडा या दोहोंच्या मधला आहे, वरच्याच्या जवळ. क्षार कशाचे, कुठून आलेत, ते एका नमुन्यावरून सांगता येत नाही. ओढ्याचा वरचा आणि खालचा नमुना घ्यावा लागेल, पावसाळ्याआधी आणि नंतर.

एक प्रत मी माझ्या जुन्या कंपनीच्या व्यवस्थापकीय संचालकांना टपालाने पाठवली. सोबत पत्र लिहिलं, यावेळी एका ओळीचं नाही. 2020च्या एप्रिलचंही त्यात लिहिलं. ओढ्याचे नमुने घेताना तुम्ही स्वतः या, अशी विनंती केली. शाळेत मुक्कामाची सोय होते, बाईंनी तसं सांगितलंय, तेही लिहिलं.

दुसरी प्रत बाईंना दिली. त्यांनी ती सातवीच्या वर्गात फळ्याशेजारी लावली आहे. परवा त्यांनी फोटो पाठवला. मुलींनी अहवालातला तक्ता वहीत उतरवून घेतलाय आणि वर तांबड्या शाईने शीर्षक दिलंय, 'आपली विहीर'. तक्त्याच्या शेवटी पुढच्या तीन नमुन्यांसाठी तीन रकाने रिकामे ठेवलेत. पहिला नमुना जूनच्या आत घ्यायचा आहे. पत्राला उत्तर आलं नाही तरी बाटल्या घेऊन मी जाणार आहे.